भीमेच्या उलट्या दिशेने

पुण्यात आषाढ लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: या शनिवारी कुठं? लोणावळ्याचं नाव निघालं की कुणीतरी ट्रॅफिकचा किस्सा सांगतं. सिंहगड म्हणावं तर पायथ्याच्या रांगेची आठवण निघते. मग ताम्हिणी, मग मुळशी, आणि शेवटी मोबाईल बाहेर येतात. त्यात एक धबधबा असतो, त्याच्यापुढे हात पसरून पाठमोरी उभी असलेली एक मुलगी असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘पुण्यापासून अवघ्या दोन तासांवर’. महाराष्ट्रातल्या सगळ्या धबधब्यांपुढे ही एकच मुलगी उभी असते, असा माझा दाट संशय आहे.

आमच्याकडे तो मोबाईल भाच्याचा होता. हिंजवडीत नोकरी, आठवडाभर काचेच्या इमारतीत, त्यामुळे शनिवारी त्याला काहीतरी कोसळताना बघायचं असतं. ‘‘मावशी, हा बघ ना. गाडी लावली की दहा मिनिटांत थेट पाण्याखाली.’’ मला पाण्याखाली उभं राहायची हौस उरलेली नाही. कानात पाणी जातं, मागे कुणाचा तरी स्पीकर वाजत असतो आणि पायापाशी दुसऱ्यांनी खाल्लेली कणसं तरंगत असतात. मी म्हटलं, धबधबा दाखवते, पण अट आहे. शनिवार-रविवार नाही, श्रावणात तर नाहीच नाही. आषाढी होऊन गेली आहे, श्रावण लागायचाय, या मधल्या दिवसांत एखाद्या मंगळवारी जायचं. भोरगिरीहून भीमाशंकर, चालत. त्याने रजा टाकली. धबधब्यासाठी नाही टाकली, मावशी एकटी जाईल या धाकाने टाकली.

भीमाशंकरला जाणारा पुणेकर साधारणपणे मंचर, घोडेगाव करत गाडीने थेट वर जातो, दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून दर्शन घेतो, तेवढ्याच चढून वर येतो, धापा टाकत चहा पितो आणि परत फिरतो. अभयारण्य त्याच्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी निघून जातं. कर्जतकडून येणारे ट्रेकर खांडसहून शिडीच्या वाटेने किंवा गणेश घाटाने चढतात. ती वाट देखणी आहे, पण शिडी घाट पावसात कुणालाही करायला सांगणार नाही. भोरगिरीची वाट मात्र माझ्यासारख्यांसाठी आहे. राजगुरुनगरहून वाड्यामार्गे भोरगिरी गाठायची आणि तिथून भीमेच्या अंगाअंगाने, जंगलातून, सात-आठ किलोमीटर वर. छाती फुटेल असा चढ कुठेच नाही. रमतगमत गेलं तर तीन-चार तास. आधी वनखात्याकडे चौकशी करावी, कारण पावसाळ्यात अभयारण्यातल्या काही वाटा बंद ठेवतात, आणि ठेवतात ते बरंच करतात.

वाकडेवाडीच्या स्टँडवरून एसटी धरली. चाकणपर्यंतचा रस्ता सोडून देते. त्याबद्दल लिहायला लागले तर नदी राहून जाईल. राजगुरुनगरला उतरलो. पूर्वीचं खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू इथले, आणि त्यांचा वाडा भीमेच्या काठावर आहे. पुलावरून नदी पाहिली: मातकट, दोन्ही काठांना भिडलेली, मधोमध एक ओंडका गरगरत चाललेला. भाच्याने विचारलं, ‘‘हीच का आपण बघायला चाललोय ती?’’ मी म्हटलं, हीच, पण आपण तिचं लहानपण बघायला चाललोय. हे वाक्य मला बोलताना फार बरं वाटलं होतं. त्याने नुसतं ‘हं’ केलं.

भोरगिरीच्या एसटीत शाळेची पोरं होती, युरियाची पोती होती आणि एका आजींच्या मांडीवर टोपलीत कोंबडी होती. राजगुरुनगरच्या थोडं वर चासकमानच्या धरणाने भीमा अडवलेली आहे; ते पाणी खिडकीतून बराच वेळ सोबत करतं. त्याच्या वर गेलं की शेतांचा रंग बदलतो. इथे भात. आवणी चालू होती. चिखलात बायका ओळीने वाकलेल्या, पाठीवर निळं प्लास्टिक, पूर्वी इथे इरलं असायचं. ढग जरा फाटले की डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसायच्या. भाचा खूश झाला. पवनचक्की म्हणजे स्वच्छ वीज, इथपर्यंत त्याचं बरोबर आहे. पण २०११ साली माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने जो अहवाल दिला, त्यात अभयारण्याला लागून असलेल्या या पवनचक्क्यांवर सडकून टीका आहे. एवढाली पाती माथ्यावर न्यायची तर रुंद रस्ते लागतात. रस्त्यांसाठी डोंगर कापला, झाडं गेली, आणि मोकळी झालेली माती पावसात उतारावरून खाली आली, खालच्या शेतांत आणि ओढ्यांत. भाचा म्हणाला, ‘‘म्हणजे काय, नकोत का मग?’’ हव्यात की. पण माथे सोडून दुसरीकडेही वारा वाहतो, आणि जिथे भीमेसारख्या नदीचं डोकं आहे तिथे आधी विचारून पाय ठेवावा, एवढंच माझं म्हणणं.

भोरगिरीत एका मामांना सोबत घेतलं. ही वाट चुकण्यासारखी नाही असं लोक सांगतात, पण धुकं उतरलं की गुरांची वाट आणि माणसांची वाट सारखीच दिसते. शिवाय चार पैसे गावात राहतात. मामा महादेव कोळी समाजाचे, साठीच्या आगेमागे, डोक्यावर पोत्याची खोळ, पायात रबरी बूट. भाच्याच्या भारी ट्रेकिंगच्या बुटांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि काही बोलले नाहीत. गावामागे भोरगिरीचा छोटा किल्ला आहे, खडकात खोदलेली लेणी आहेत, खाली कोटेश्वराचं देऊळ आहे. पावसात किल्ल्यावर जायचं काही कारण नव्हतं. आम्ही नदीचं पात्र डावी-उजवीकडे करत वर निघालो.

जंगल एकदम सुरू होत नाही. आधी भातखाचरं, मग बांधावरचे हिरडे आणि आंबे, मग कारवीचा दाट पट्टा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, फुलली की सगळा डोंगर जांभळा होतो, आणि बी धरलं की ती सगळी झुडपं एकदमच मरतात. एरवी तिचे सोट कुडाच्या भिंतींना लागतात. कारवी संपली की उजेड कमी होतो. अंजनी, जांभूळ, पिसा अशी सदाहरित झाडं इथे एकमेकांना इतकी चिकटून वाढलेली आहेत की पाऊस थांबला तरी खाली अर्धा तास टपटप चालू राहते. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या बेचक्यात आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, छोटे झुबके. भाचा पहिल्या अर्ध्या तासात तीनदा घसरला. मामांनी मागे न बघता सांगितलं, ‘‘दगडावर पाय नका टाकू सायेब, मातीवर टाका. दगूड शेवाळलाय.’’

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात पडतो त्याच्या चौपट. सगळा चार महिन्यांत. कोकणातून चढून आलेला ढग या कड्यांना अडतो आणि इथेच मोकळा होतो. पुण्यापर्यंत जे येतं ते उरलंसुरलं. पुण्यात छत्री उघडायची की नाही असा प्रश्न पडतो तेव्हा इथे भोरगिरीत चूल धुमसत असते आणि कपडे आठवडाभर वाळत नाहीत. या पावसाची मजा घ्यायला आपण येतो आणि संध्याकाळी कोरड्या घरी जातो, हे मामांसोबत चालताना सारखं मनात येत होतं.

शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, दिसेल अशी मला आशा नव्हती. भर पावसात ती घरट्यात दडून बसते. अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः तिच्यासाठी, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, पुण्याबरोबर ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतही पसरलेलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून तिचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण चित्रात तिचा आकार कळत नाही. मामांनी आधी घरटी दाखवली. उंच झाडाच्या बारीक फांद्यांवर, काटक्या आणि पानांचे मोठाले गोळे. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधते. एकात राहते, एकात पिल्लं, बाकीची वेळप्रसंगी. मग पाऊस जरा उघडला आणि डोक्यावर काहीतरी खडखडलं. कुणीतरी खळखळून फांदी हलवावी तसा आवाज, पाठोपाठ खाली फळाचे कुरतडलेले तुकडे. वर पाहिलं तर ती मागच्या पायांनी फांदीला धरून उलटी लोंबकळत होती आणि पुढच्या दोन हातांत उंबर धरून खात होती. हातच म्हणायला हवं, पाय म्हणवत नाही. उंबर फिरवत होती, एक घास काढत होती, परत फिरवत होती. पाठ गडद तांबूस, जवळजवळ मरून, पोट फिक्कट पिवळं, आणि हातभर शेपूट तोल सांभाळायला खाली सोडलेली, टोकाला फिकट. ओल्या केसांतून थेंब ठिबकत होते, ते झटकायलाही तिला फुरसत नव्हती. उंबर संपलं. तिने हात चाटले, एका झटक्यात सुलट झाली आणि शेजारच्या झाडावर उडी घेतली. ती उडी अशी होती की मधल्या हवेला काही अर्थच नाही. ती खाली जमिनीवर जवळजवळ उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जाते. म्हणूनच जंगलाला मधे भोक पडलं, म्हणजे रस्ता झाला, तार गेली, वाहनतळ झाला, की तिच्यासाठी तो प्रदेश तुटतो. झाडं मोजून भरपाई करता येत नाही. फांदीला फांदी भिडायला हवी.

भाच्याने व्हिडिओ काढला. त्यात एक हलणारी फांदी आहे आणि माझा ‘अगं बाई’ असा आवाज आहे.

त्यानंतर आम्ही थोडं गप्पच चालत होतो, आणि त्या शांततेत शीळ ऐकू आली. शीळकरी कस्तूर. शाळेला दांडी मारलेल्या पोराने रस्त्याने जाताना आठवेल तशी शीळ घालावी, सूर पकडावा, सोडावा, दुसराच धरावा, तसं गातो. निळाकाळा पक्षी, ओढ्याच्या धारेला राहतो आणि पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढवतो. पावसाळ्यात ऐकलं नाही तर वर्षभर तो आहे हे कळतही नाही.

पुढे ओढा आडवा आला. भाचा उतरायला लागला तर मामांनी दंडाला धरलं. पात्राच्या मधोमध एक काळा दगड होता, माथा बोटभर पाण्याबाहेर. ‘‘ह्यो दगूड बगा. ह्यो दिसतोय तवर जायाचं. बुडला का माघारी. मग देवाचं दर्शन ऱ्हायलं तरी चालंल.’’ मग त्यांनी काठी पाण्यात घातली, तळाशी टेकवली आणि ओली झालेली खूण गुडघ्याला लावून पाहिली. गुडघ्याच्या खाली. पाणी नितळ होतं, तळचे गोटे दिसत होते. नितळ आहे तोवर भ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. गढुळलं, वर पालापाचोळा आणि बारीक काटक्या यायला लागल्या, ओढ्याचा आवाज जाडा झाला, की समजायचं वरच्या अंगाला जोर झालाय, मग इथे डोक्यावर ऊन पडलेलं असलं तरी काठ सोडायचा. एकमेकांचे हात नाही, मनगटं धरायची. पाण्याला तोंड करून आडवं सरकायचं. आम्ही तसं केलं. पलीकडे गेल्यावर भाच्याने मागे वळून त्या दगडाचा फोटो काढला, आणि हा त्याचा दिवसातला सगळ्यात कामाचा फोटो.

२०२४ च्या ३० जूनला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुण्याचेच होते. त्यानंतर मनाई आदेश निघाले, पाट्या लागल्या, पोलीस उभे राहिले. ते हवंच. पण पाटीवर ‘धोका’ लिहिलेलं असतं, धोका येताना कसा दिसतो ते लिहिलेलं नसतं. ते मामांसारख्यांना ठाऊक असतं, आणि आपण त्यांना फार तर ‘इथे भजी कुठे चांगली मिळतात’ एवढं विचारतो.

गुप्त भीमेपाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. देवळापाशी उगम पावलेली भीमा तिथून जमिनीखाली गुप्त होते आणि जंगलात इथे पुन्हा वर येते, अशी श्रद्धा आहे. त्रिपुरासुराशी लढून शंकर दमले, त्यांच्या घामातून नदी निघाली, ही त्याच्याही आधीची कथा. कड्यावरून पाणी पडतं, खाली डोह, कपारीत छोटी पिंड, तिच्यावर कुणीतरी वाहिलेली रानफुलं. धबधबा फार उंच नाही. भाच्याने मान वाकडी करून पाहिलं.

‘‘मावशी, हाच?’’

‘‘हाच.’’

‘‘बरं आहे,’’ तो म्हणाला. पुण्यात ‘बरं आहे’ म्हणजे काय ते सांगायला नको.

पण मला तो खडक दाखवायचा होता. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून ओतलेल्या लाव्ह्याचे थर, भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकावर एक. काही टणक, काही भुसभुशीत. पाणी भुसभुशीत थर आधी खातं, टणक थराची कड उघडी पडते, आणि तिथून नदी उडी मारते. त्यामुळे सह्याद्रीत नदीला सावकाश उतरणं जमत नाही. पायरी पायरीने येते. हाच काळा खडक पाणी मात्र धरून ठेवत नाही. फटी असतील तेवढंच मुरतं, बाकी वाहून जातं. जे काही थांबतं ते जंगलाच्या जिवावर: हातभर पालापाचोळा, मुळ्या, त्याखालची काळी माती. इथून जूनमध्ये पाणी धो धो वाहतं आणि एप्रिलमध्ये याच डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघतात, हे गणित पुण्यातल्या माणसाला सहज पटत नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, ‘‘पाऊस काय, पावना हाय. आला, जेवला, गेला.’’

मामा देवराईबद्दलही बोलले. या भागात, आहुप्याकडे वगैरे, देवाच्या नावाने राखलेली रानं आहेत. त्यातलं झाड तोडत नाहीत, पडलेलं लाकूडही घरी नेत नाहीत. गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली त्यावर लिहिलं, तेव्हा कुठे शिकलेल्या लोकांच्या लक्षात आलं की अभयारण्याचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी इथे जंगल राखण्याची रीत होती. मामांना त्याचं काही अप्रूप नव्हतं. ‘‘राईतली काडीबी उचलत न्हाई आमी. उचलली तर काय व्हतं ते बघायला कोन जातंय?’’

देवळाच्या आधी आम्ही नागफणीच्या कड्याकडे वळलो. वर पोचलो तेव्हा समोर पांढरी भिंत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, भाचा घड्याळ बघायला लागला. मग वाऱ्याने एक फट पाडली आणि खाली कोकण दिसलं, एकदम, पायाच्या अंगठ्याच्या पुढे. पदरगडाचा सुळका, खांडसकडची घरं, हिरवे तुकडे. आणि कड्यावरून सुटलेले धबधबे, एक नाही, नजर जाईल तिथवर रांगेने. त्यातला एक वाऱ्याने मधूनच उचलला जात होता, पाणी खाली जायचं सोडून फवारा होऊन वर आमच्या अंगावर येत होतं. नाणेघाटात असाच उलटा धबधबा बघायला झुंबड उडते. भाचा ओरडलाच. ‘‘हा! हा पाहिजे होता मला.’’

हे खरंच होतं, तो पाहिजे असलेला धबधबा होता. फोटोतले सगळे धबधबे अशाच कड्यांवरून पडतात. आणि तिथे उभं राहून मी त्याला जे सांगितलं, त्यासाठी खरं तर त्याला आणलं होतं. आपण ज्या कड्यावर उभे आहोत ती पाणलोटाची रेघ आहे. या अंगाला पडलेला थेंब कड्यावरून उडी घेतो, उल्हासच्या खोऱ्यात शिरतो आणि खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. वाट जवळची, उतार जबर, काम लवकर संपतं. आणि हाताच्या अंतरावर, आपल्या पाठीमागे पडलेला थेंब? तो समुद्राकडे पाठ फिरवतो. आज सकाळपासून आपण ज्या पाण्याच्या विरुद्ध दिशेने चालत आलो, त्यात तो जातो. गुप्त भीमा, भोरगिरी, चासकमान. राजगुरूंच्या वाड्याखालून. तुळापूरला त्याला इंद्रायणी मिळते, रांजणगाव सांडसला आपली मुळा-मुठा, पुढे घोड, मग उजनीचा फुगवटा, नीरा नरसिंहपूरला नीरा, आणि पंढरपूर. तिथे तो चंद्रभागा असतो. तिथूनही पुढे कर्नाटकात, एकूण ८६० किलोमीटर चालून रायचूरजवळ कृष्णेत, आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र इथून नुसता उतरलं की आहे, आणि हा थेंब अख्खं दख्खन पालथं घालून दुसऱ्या समुद्राला जातो.

आषाढी नुकतीच झालेली. माऊलींची पालखी आळंदीहून, इंद्रायणीच्या काठावरून निघते, पुण्यात मुक्काम करते, दिवे घाट चढून सासवडला जाते, आणि पंढरपुरात चंद्रभागेला पोचते. आळंदीचं पाणीही तिकडेच निघालेलं असतं. फक्त ते पुणं टाळून तुळापूरवरून जातं, आणि पालखीसारखा मुक्काम त्याला कुठे नसतो, असलाच तर उजनीत.

भाचा बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे फोटोत येतो तो धबधबा आपला नाहीच.’’

‘‘नाहीच. तो कोकणाचा.’’

‘‘आणि आपला तो मघाचा? बरं आहे वाला?’’

तोच. आपल्याकडे येणारं पाणी घाट उतरत नाही, त्यामुळे त्याला दिखाऊपणा जमत नाही. ते झाडांखालून, पालापाचोळ्यातून, मामांच्या काळ्या दगडाला वळसा घालून येतं. त्यासाठी कुणी शनिवारी गाडी काढत नाही. आणि मला विचाराल तर याच कारणाने आपण ते जंगल कसंही वापरतो. कड्यावरचा धबधबा जंगल गेलं तरी पावसाळ्यात पडेलच, उलट जास्त जोरात पडेल, कारण अडवायला कुणी नसेल. फोटोला फरक पडणार नाही. पाठीमागच्या पाण्याला पडेल.

देवळात गर्दी नव्हती, म्हणजे भीमाशंकरच्या मानाने नव्हती. नाना फडणवीसांनी बांधलेलं शिखर धुक्यात अर्धंच दिसत होतं. आवारात मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथली म्हणून सांगतात. समुद्रकाठच्या चर्चची घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर ज्योतिर्लिंगापुढे वाजते, आणि भाविकांना त्यात काहीही विचित्र वाटत नाही, हे मला फार आवडतं. मामांना पैसे दिले. ते आल्या वाटेने परत निघाले. मी म्हटलं एसटीने चला, तर म्हणाले, ‘‘एसटीनं मला पार फिरून जावं लागंल. हितनं उतरलो का घरी.’’

परतीची एसटी निगडाळे, तळेघर करत उतरते. तळेघरला एक मावशी माझ्याशेजारी बसल्या, घोडेगावच्या दवाखान्यात चालल्या होत्या. हिरड्याचा विषय मीच काढला. इथल्या आदिवासींच्या हातात रोख पैसा येतो तो बाळहिरड्यातून. उन्हाळ्याच्या तोंडाला कोवळी फळं झोडायची, वेचायची, वाळवायची आणि विकायची. ती पुढे औषधांना जातात. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळात कितीतरी हिरडे उन्मळले. भात आडवा झाला तर पंचनाम्याची रीत आहे, रानातल्या झाडाच्या फळाला पीक कोण म्हणणार? भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. मावशींचेही दोन हिरडे गेले होते. ‘‘आज्याच्या वेळचं झाड. त्याला पन्नास वर्सं लागत्यात व्हायला, आन् साहेब इचारतो, लागवड कवाची?’’ आणि त्या हसल्या. मला हसावं की नाही कळेना, तोवर त्यांनी पिशवीतून काढून एक हिरडा मला दिला. खोकल्याला. तोंडात ठेवला आणि पुढचा घाट मी तोंड वाकडं करून उतरले.

डिंभ्याला धरण लागतं. हुतात्मा बाबू गेनू सागर. याच तालुक्यातला महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. धरण घोड नदीवरचं, आणि जुनं आंबेगाव त्याच्या पाण्याखाली आहे. तालुक्याला नाव देणारं गावच बुडालं. इथूनच आत आहुप्याकडे रस्ता फुटतो आणि त्याच रस्त्यावर माळीण. २०१४ च्या ३० जुलैला पहाटे डोंगराचा कडा गावावर आला. सकाळी एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच सापडेना, त्याने सांगितलं तेव्हा बाहेर कळलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. डोंगरउतारावर यंत्रं लावून केलेलं जमीन सपाटीकरण, त्यावर झालेला विलक्षण पाऊस, अशी कारणं तेव्हा चर्चेत आली. नवं माळीण शेजारी आमड्याला बांधलं. एसटीतल्या मावशींनी त्या फाट्याशी हात जोडले, न बोलता, आणि परत हिरड्याच्या भावाकडे वळल्या. मी मुद्दाम इथे जास्त लिहीत नाही. पाऊस बघायला आलेल्या माणसाने त्यावर काय लिहायचं?

मंचरला गाडी बदलली आणि उभ्याने पुण्याला आलो. भाचा मोशीपर्यंत उभ्याउभ्याच झोपला.

रात्री मी गुप्त भीमेचा फोटो सोलापूरच्या मैत्रिणीला पाठवला. कॉलेजपासूनची मैत्रीण, पाण्याच्या बाबतीत तिखट. सोलापूरला नळाला पाणी किती दिवसांनी येतं हा तिथला रोजचा विषय, आणि येतं त्यातलं बरंचसं उजनीचं. फोटोखाली मी लिहिलं, ‘बघ, तुझं पाणी इथून निघतं.’ पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘दिसतंय छान. पण तुमच्या मुळा-मुठेतून पुणं त्यात काय काय सोडतं, त्याचाही एक फोटो पाठव की.’

त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, कारण ती खरं बोलत होती. भोरगिरीत तळ दिसावा इतकं नितळ असलेलं पाणी रांजणगाव सांडसला आपल्याला भेटतं, आणि तिथून पुढे ते जसं होतं त्यात आपलं सांडपाणी आहे. मी तिला म्हटलं, तू ये, भाद्रपदात, पाऊस ओसरला की. आधी भोरगिरी दाखवते, मग संगम. ती म्हणाली, संगम आधी दाखव, नंतर डोंगर चढायला मूड राहिला तर बघू. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला गाडी मी काढतो. आता तारीख ठरायची आहे. तिच्या मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक लागलं की कळवते म्हणाली.